खिमा-शेवयांची कुळकथा

खिमा घालून परतलेल्या नूडल्स बारामती-इंदापूरच्या घरांत शिजू लागल्या, त्याला फार तर एक पिढी झाली. रविवारी आणलेल्या मटणातला पाव किलो खिमा वेगळा निघतो, नूडल्सचं पाकीट फुटतं, कोबी-गाजर-ढोबळी मिरची बारीक चिरली जाते आणि पोरं न बोलावता ताटावर येऊन बसतात. घरातल्या आजीला हे परक्या मुलखातलं खाणं वाटतं, पोरांना ते घरचंच वाटतं. दोघांचंही खरं आहे. या एका ताटलीत तीन कुळं एकत्र आली आहेत : पिठाची तार काढण्याचं, मांस कुटून बारीक करण्याचं आणि तापलेल्या लोखंडावर भराभर परतण्याचं. तिन्हींची मुळं निरनिराळ्या मुलखांत आहेत. पण त्यातलं पहिलं कुळ आपल्या अंगणात कधीपासूनच नांदत होतं, आणि म्हणूनच बाकीची दोन इथे इतक्या लवकर रुजली, असं माझं म्हणणं आहे.

पिठाच्या तारेपासूनच सुरुवात करू. तिचा सर्वांत जुना पुरावा चीनच्या चिंगहाय प्रांतात, पिवळ्या नदीच्या काठच्या लाज्या या ठिकाणी सापडला. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी तिथली वस्ती एका आपत्तीत गाडली गेली. उत्खननात एक मातीचा वाडगा पालथा पडलेला मिळाला. तो उचलल्यावर खाली पिवळसर तारांचं वेटोळं निघालं, जवळजवळ अर्धा मीटर लांबीचं आणि तीन मिलिमीटर जाडीचं. २००५ साली हे संशोधन 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. तारा गव्हाच्या नव्हत्या. राळ्याच्या आणि तशाच दुसऱ्या एका बारीक तृणधान्याच्या होत्या. राळ्याच्या पिठाला गव्हाची चिवट ओढ नसते. त्यामुळे त्या तारा हाताने ओढल्या होत्या की भोकांतून दाबून पाडल्या होत्या, यावर पुढे अभ्यासकांत वाद झाला.

हा वाद मला महत्त्वाचा वाटतो, कारण तार काढण्याच्या जगभर याच दोन रीती आहेत. ज्या पिठाला ओढ नाही ते दाबून पाडायचं. ज्याला ओढ आहे ते वळत, ताणत न्यायचं. दक्षिणेत तांदळाच्या उकडीचे इडियप्पम साच्यातून पडतात. आपली कुरडई म्हणजे गहू भिजवून, आंबवून काढलेला चीक. तो शिजवून सोऱ्यातून पाडतात. कन्नड भाषेतल्या 'लोकोपकार' या १०२५ सालच्या ग्रंथात शेवया करण्याची कृती आणि त्यासाठी लागणारा साचा, दोन्हींचा उल्लेख आहे. तो काळ चालुक्यांचा. त्यांचं राज्य दख्खनच्या मोठ्या भागावर होतं आणि भीमा-नीरेचा हा मुलूखही त्याच दख्खनचा. म्हणजे आपल्या शेजारच्या स्वयंपाकघरांत शेवयांचा साचा किमान एक हजार वर्षांचा आहे. युरोपातही हेच दिसतं. अरब भूगोलकार अल्-इद्रीसी याने ११५४ मध्ये सिसिलीतल्या त्राबिया गावच्या शेवयांविषयी लिहून ठेवलं. त्या तिथून जहाजं भरून परगावी जात. मार्को पोलोचा जन्म त्यानंतर शंभर वर्षांनी झाला. त्यानेच चीनमधून ही विद्या इटलीला नेली, ही गोष्ट कितीही सांगितली जात असली तरी खरी नाही. पिठाची तार कुणा एका देशाची मालकी नाही. जिथे धान्य पिकलं, ऊन मिळालं आणि साठवणीची गरज पडली, तिथे ती निघाली.

आमच्याकडे ती निघाली ती पाटावर. बारामती-इंदापूरच्या खेड्यांत चैत्र-वैशाखाचं ऊन तापलं की वाळवणं सुरू होत. शेवयांसाठी गहू निवडून घेतला जाई : बन्सी किंवा खपली. खपलीच्या दाण्यावरचं टरफल मळणीत सुटत नाही, ते कांडून काढावं लागतं. दाणा टणक, लालसर. जगातल्या सर्वांत जुन्या लागवडीच्या गव्हांपैकी हा एक, आणि ज्या ड्युरम गव्हाचा इटलीत पास्ता होतो तो याच कुळातून पुढे आला. आपला बन्सी हा त्या ड्युरमचाच जातभाई. खपली-बन्सीच्या शेवया उकळत्या पाण्यात टाकल्या तरी लगदा होत नाहीत, तार सुटी राहते. कृषिविद्यापीठं निघण्याच्या कितीतरी आधी आमच्या बायकांना हे ठाऊक होतं आणि म्हणून पोळीचा गहू निराळा, शेवयांचा निराळा, हा भेद घराघरांत पाळला जाई.

करण्याची रीत अशी. गव्हाला पाण्याचा हात लावून तो फडक्यात बांधून ठेवायचा, मग दळून त्याचा बारीक रवा आणि सपीट वेगळं काढायचं. मीठ घातलेल्या पाण्यात पीठ घट्ट भिजवायचं आणि काही तास मुरू द्यायचं. मग ते कुटायचं, तिंबायचं, तेलाच्या हाताने पुन्हा कुटायचं. ओढून पाहिल्यावर गोळा रबरासारखा लांबला की झालं. पाट म्हणजे लांब, अरुंद लाकडी फळी. तिचं एक टोक उंचावर टेकवायचं, दुसरं खाली सोडायचं. वर बसलेली बाई गोळ्याचं टोक फळीवर तळव्याने वळत राहते, आणि वळता वळता तार खाली सरकते. खाली बसलेली दुसरी ती तार बोटांवर झेलते, ताणते आणि आडव्या काठीवर पसरते. सगळी करामत दोघींच्या मेळात आहे. वरचीचा हात भरभर चालला आणि खालचीचा मागे पडला, की तार जाड होते. उलट झालं की तुटते. काठीवरच्या शेवया आधी सावलीत आंबट-ओल्या होईपर्यंत ठेवायच्या आणि मग उन्हात द्यायच्या. थेट उन्हात टाकल्या तर वरून कडक होतात आणि आतून तडकतात. एकटीने होणारं हे काम नाही. म्हणून आज एकीच्या ओट्यावर, उद्या दुसरीच्या, असं सगळ्या आळीचं वाळवण होई.

तारेखेरीज हातांनी घडवायचे प्रकार होतेच. गव्हाच्या दाण्याएवढे गव्हले, नखाने दाबलेले नखुले, बोटावर वळलेले बोटवे, मालत्या. लग्नाच्या रुखवतात ते मांडले जात आणि त्यांची खीर होई. यांना जगाच्या स्वयंपाकात पास्ता म्हणतात, हे आमच्या आज्यांना कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्यांच्या हाताचा वेग बदलला नसता.

या शेवया खाल्ल्या कशाबरोबर जात? मुख्यतः गोडाबरोबर. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला आणि या कोरड्या टापूत बारमाही पाणी आलं. पुढे ऊस आला, गुऱ्हाळं आली. मग वालचंदनगर, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर अशी साखर कारखान्यांची रांग उभी राहिली. उकडून निथळलेल्या शेवया, त्यावर गुळवणी आणि तुपाची धार, हे पाहुण्यांचं जेवण. ईदला मुसलमान शेजाऱ्यांकडून येणाऱ्या शिरखुर्म्यात तीच तार, जरा बारीक आणि तुपात भाजलेली. तिखटामिठाच्या शेवया मात्र आजाऱ्याच्या पथ्याला किंवा सकाळच्या उपम्याला. फोडणी, कांदा, हिरवी मिरची, वर कोथिंबीर. उकडलेली तार कढईत कांद्याबरोबर परतायची, हा हात घरात होता. त्यात मांस घातलेलं मात्र नव्हतं.

मांस बारीक कुटण्याचं कुळ उत्तरेकडून आलं. माळव्याचा सुलतान घियासशाह याच्या दरबारात पंधराव्या शतकाच्या अखेरीस 'निमतनामा' हा पाककृतींचा सचित्र ग्रंथ सुरू झाला. त्यात खिमा भरलेल्या समोशांच्या कृती आहेत. शंभरेक वर्षांनी अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त बादशाही मुदपाकखान्यातल्या पदार्थांची यादी दिली. तीत खिमा पुलाव आहे, आणि आपल्या विषयासाठी त्याहून मोलाचा 'बुगरा' आहे. हा मध्य आशियातला पदार्थ. मांस, गव्हाचं पीठ, तूप, हरभरे, सिरका आणि गाजर, बीट, सलगम, पालक या भाज्या. पिठाच्या पट्ट्या, मांस, गाजर आणि आंबटपणासाठी सिरका : आजच्या कढईतलं जवळजवळ सगळं साहित्य चारशे वर्षांपूर्वीच्या त्या यादीत आहे. तेव्हा पिठाची तार आणि मांस हिंदुस्थानात पहिल्यांदा भेटले ते चिनी गाडीवर नव्हे. समरकंद-बुखाऱ्याच्या वाटेने आलेल्या लोकांनी ती भेट आधीच घडवली होती. ती राजवाड्यातून बाहेर पडली नाही, एवढंच.

दख्खनमध्येही सुलतानांची राज्यं होती. इंदापूर निजामशाहीच्या मुलखातलं ठाणं. मालोजीराजे भोसले लढाईत पडले ते इथेच. तरीही खेड्याचं मटण हे फोडींचं आणि रश्श्याचं राहिलं. याचं कारण साधं आहे. जत्रेला बोकड पडलं की गावचा मुलाणी ते कापून देई. तो बलुतेदार, कापण्याचा हक्क त्याचा आणि त्याबद्दल त्याचा वाटा ठरलेला. मग वाटे पडत, आणि प्रत्येक वाट्यात हाडाची, काळजाची, चरबीची फोड यावी लागे. खिम्यात वाटे दिसत नाहीत. शिवाय पन्नास माणसांना पुरायचं तर रस्साच हवा. खिमा शहरातून आला. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत खिमा-पाव मिळू लागला, लष्करी छावण्यांच्या बाजारात खिमा बांधून मिळू लागला, आणि नोकरीनिमित्त तिकडे राहिलेले लोक ती चव घेऊन गावी परतले. छोट्या कुटुंबाला तो सोयीचा होता. पाव किलोत चार माणसांचं भागतं, लवकर शिजतो आणि लहान मुलाला हाडाची भीती नसते. थोडं मांस पुष्कळ पिठात पसरवायचं, ही जगभरच्या सामान्य घरांची युक्ती खिम्यामुळेच साधते.

खिमा करण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. लाकडी ठोकळ्यावर सुऱ्याने केलेला खिमा दाणेदार असतो. दातांखाली मांस लागतं. यंत्रातून काढलेला बारीक आणि चिकट असतो. कढईत पडला की त्याचे गोळे होतात. नूडल्ससाठी पहिलाच हवा. नेहमीच्या खाटकाला सांगितलं तर तो अजूनही करून देतो, दहा मिनिटं जास्त थांबायची तयारी पाहिजे.

अमेरिकेत आणि पूर्व आशियातल्या अनेक घरांत हाच पदार्थ गाई-बैलाच्या खिम्याचा होतो. महाराष्ट्रात गोहत्येला १९७६ च्या कायद्याने बंदी आली. बैल आणि वळूंनाही ती लागू करणारी दुरुस्ती विधिमंडळाने १९९५ मध्ये मंजूर केली आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर मार्च २०१५ पासून ती अमलात आली. त्यामुळे आमच्याकडचा खिमा बोकडाचा, क्वचित मेंढीचा, आणि हल्ली कोंबडीचाही. काही घरांत म्हशीचा शिजतो. प्राणी बदलला की रीतही थोडी बदलावी लागते. गाईच्या खिम्यात चरबी जास्त असते, ती कढईत सुटते आणि मांस स्वतःच्याच तेलात परतलं जातं. बोकडाचा खिमा कोरडा आणि चिवट. त्याला तेल वरून द्यावं लागतं, झाकण घालून आपल्याच पाण्यात आधी शिजवावं लागतं आणि मग पाणी आटवून परतावं लागतं. आमच्या बायकांनी ही वाट खिमा-मटार करता करताच शोधलेली होती. नूडल्स आल्या तेव्हा खिमा तयार होता.

आता तिसरं कुळ, तापलेल्या लोखंडावर परतण्याचं. ते भारतात चिनी माणसांबरोबर आलं, आणि त्यांच्यातल्या पहिल्याचं नातं ऊसवाल्या मुलखाशी फार जवळचं आहे. १७८० च्या सुमारास तोंग आची नावाचा चिनी व्यापारी कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी उतरला. वॉरन हेस्टिंग्जने त्याला जमीन दिली. तिथे त्याने ऊस लावला, साखरेचा कारखाना काढला आणि कामाला चीनमधून माणसं आणली. ते गाव आजही अचिपूर म्हणून ओळखलं जातं आणि चिनी नववर्षाला कलकत्त्यातले चिनी तिथे दर्शनाला जातात. भारतातली पहिली चिनी वस्ती बसली ती साखरेसाठी.

पुढे कलकत्त्यात कँटनकडचे सुतार आले, हुबेईचे दंतवैद्य आले, आणि हक्का समाजाचे लोक आले. हक्कांनी टांगरा भागात कातडी कमावण्याचे कारखाने काढले. दिवसभर कष्ट करणाऱ्या या माणसांचं जेवण झटपट, गरम आणि थोड्या मांसात भागणारं होतं. उकडून ठेवलेल्या नूडल्स, जळती भट्टी, खोलगट लोखंडी कढई. १९६२ च्या युद्धानंतर सुमारे तीन हजार भारतीय चिन्यांना राजस्थानातल्या देवळी इथल्या छावणीत डांबण्यात आलं. त्यांतले पुष्कळजण इथेच जन्मलेले होते. अनेकांची घरं-दुकानं गेली, अनेकांनी देश सोडला. जे राहिले त्यांतल्या कित्येकांनी खानावळी काढल्या. आपण चवीने खातो त्या हक्का नूडल्सवर या माणसांचं नाव आहे, आणि त्यांच्यावर झालेल्या अन्यायाची आठवण त्या नावाबरोबर ठेवणं हे आपलं कर्तव्य आहे.

मुंबईतही चिनी वस्ती होती. माझगावातलं त्यांचं मंदिर १९१९ सालचं. पण चिनी खाणं मराठी माणसाच्या जिभेवर आलं ते १९७० च्या दशकात. ताजमहाल हॉटेलात 'गोल्डन ड्रॅगन' निघालं आणि सिच्वान प्रांताचं तिखट जेवण मुंबईने पाहिलं. १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात नेल्सन वाँग या कलकत्त्यात जन्मलेल्या चिनी आचाऱ्याने आलं, लसूण, हिरवी मिरची तेलात टाकली, नेहमीच्या गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर घातलं आणि चिकन मंचुरियन जन्माला आलं. आलं-लसूण-मिरचीची फोडणी आमचीच. म्हणून ही चव कुणाला शिकवावी लागली नाही. 'शेजवान' चटणीचंही तसंच. सुक्या लाल मिरच्या, भरपूर लसूण आणि तेल, म्हणजे आमची लसणाची चटणीच, जरा ओली. सिच्वानच्या जेवणाची खरी ओळख म्हणजे जीभ झिणझिणवणारं तिथलं मिरं. ते आपल्या चटणीत कधीच आलं नाही. खरं तर त्याचा सख्खा भाऊ कोकणात उगवतो : बांगड्याच्या आमटीत पडणारं तिरफळ. खिमा-नूडल्समध्ये दोन तिरफळं ठेचून घालून पाहा. सिच्वानची चव कोकणाच्या वाटेने येते.

सिच्वानमध्येच या पदार्थाचा सर्वांत जवळचा पूर्वज आहे. मुगाच्या पिठुळाच्या पारदर्शक शेवयांबरोबर मसालेदार खिमा परततात. खिम्याचे कण तारांना चिकटून राहतात. त्या पदार्थाचं चिनी नाव 'झाडावर चढणाऱ्या मुंग्या' असं आहे. हॉटेलच्या थाटाचा तो पदार्थ नाही. मूठभर मांसात घरच्या माणसांचं पोट भरायचं, म्हणून तो तिथल्या घरांत होतो. मिरची तिथेही अमेरिकेहूनच गेली, जशी ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली. एकाच मिरचीने दोन दूरच्या स्वयंपाकघरांना सारखं वळण लावलं.

दरम्यान १९५८ मध्ये जपानात मोमोफुकु अँडो यांनी झटपट नूडल्स काढल्या. त्यांची युक्ती तळण्यात होती. उकडलेली तार गरम तेलात पडली की आतलं पाणी वाफ होऊन उडतं आणि तारेत बारीक छिद्रं राहतात. मग त्या छिद्रांतून गरम पाणी क्षणात आत शिरतं. आपल्या उन्हात वाळलेल्या शेवयांना अशी छिद्रं नसतात. म्हणून त्या शिजायला वेळ घेतात आणि म्हणूनच त्यांना चावताना अंग लागतं. १९८३ मध्ये मॅगी भारतात आली, दोन मिनिटांचं वचन घेऊन, आणि शाळेतून आलेल्या मुलांच्या हाती गेली. मॅगीने तारेला चमचमीत मसाला लावून ती खीर-गुळवण्यातून बाहेर काढली. मग किराणा दुकानांत हक्का नूडल्सची पाकिटं आणि सॉसच्या बाटल्या मांडल्या जाऊ लागल्या.

बारामतीत चायनीजच्या गाड्या लागल्या त्या कॉलेजांच्या आणि औद्योगिक वसाहतीच्या आधाराने. तुळजाराम चतुरचंद कॉलेज १९६२ पासूनचं, विद्या प्रतिष्ठान १९७२ पासूनचं. बाहेरगावची मुलं खोल्या घेऊन राहू लागली, संध्याकाळी कमी पैशांत पोटभर काही हवं होतं. इंदापूरला पुणे-सोलापूर रस्त्याची वर्दळ होती. लाल रंगाची गाडी, वर ड्रॅगनचं चित्र, खाली सिलिंडर, मोठ्या आवाजात पेटणारी भट्टी. आचाऱ्याचा हात कढई उडवतो आणि ज्वाळा कडेवरून आत वाकते. दुपारीच उकडून, तेल चोळून ठेवलेल्या नूडल्स टोपात तयार असतात. त्या आधी उकडून पूर्ण गार केलेल्या असतात, म्हणून कढईत तुटत नाहीत आणि एकमेकींना चिकटत नाहीत. ही गोष्ट गाडीवाल्याकडून शिकण्यासारखी आहे.

घरी मात्र ती भट्टी नसते. आपल्या शेगडीची आच तिच्यापुढे मंद पडते, आणि बहुतेक घरच्या नूडल्स बिघडतात त्या इथेच. सगळं साहित्य एकदम कढईत पडतं, कोबीला पाणी सुटतं आणि परतण्याऐवजी ते उकडायला लागतं. यावर उपाय सोपा आहे. लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवायची आणि दोन माणसांपुरतंच एका वेळी करायचं. भाजी आधी परतून बाजूला काढायची. खिमा वेगळा शिजवून, पाणी पूर्ण आटवून, कडा तांबूस होईपर्यंत परतायचा. सोया सॉस कढईच्या कडेने सोडायचा, म्हणजे तापलेल्या लोखंडावर तो चरचरतो आणि त्याचा कच्चा वास जातो. सिरका शेवटी, गॅस बंद करताना.

चिमूटभर अजिनोमोटो घालावं का, हे लोक विचारतात. १९०८ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्रशेवाळाच्या सारातून तो रुचिघटक वेगळा केला आणि त्याची भुकटी बाजारात आली. सोया सॉसमध्ये तो मुळातच असतो आणि नीट परतलेल्या मांसाची स्वतःची गोडी असते. खिमा घातला की वेगळ्या भुकटीची गरज उरत नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी ही कथा सांगितली, तो. पाकिटातल्या बहुतेक नूडल्स मैद्याच्या असतात. आपल्या माळ्यावरच्या डब्यात असलेल्या, किंवा आता नसलेल्या, शेवया खपली-बन्सीच्या होत्या. परतण्यासाठी टणक गव्हाची, न तुटणारी, सुटी राहणारी तार लागते. ती तार पाटावर तयार होत होती. आपण तिला मुख्यतः दुधात आणि गुळवण्यात ठेवलं. मुलांच्या जिभेला तिखट, खमंग, परतलेलं हवं झालं तेव्हा डबा खाली काढायच्या ऐवजी आपण दुकानात गेलो. पाट माळ्यावर गेला. शेवया गिरणीजवळच्या विजेच्या यंत्रातून निघू लागल्या, मग तेही वाळवण कमी झालं. ही विद्या आता पुष्कळशी बचत गटांच्या हातात उरली आहे. दर डिसेंबरात पुण्यात भरणाऱ्या भीमथडी जत्रेत, जी बारामतीचाच ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट भरवतो, खेड्यापाड्यांतल्या बायका वाळवणं घेऊन येतात. घेणारे बहुतेक खिरीसाठी घेतात.

माझं सांगणं आहे, शेवया कढईसाठी घ्या. आमच्या घरी हे नित्याचं झालं आहे आणि प्रमाण असं बसलं आहे : पाव किलो हाताने केलेला खिमा, दोनशे ग्रॅम जाडसर खपलीच्या शेवया, दोन कांदे, एक गाजर, मूठभर कोबी, दहा-बारा लसूणपाकळ्या, बोटभर आलं, तीन हिरव्या मिरच्या, दोन मोठे चमचे सोया सॉस, एक चमचा सिरका. शेवया आधी तेलाच्या हाताने मंद आचेवर बदामी भाजायच्या. मग भरपूर उकळत्या खारट पाण्यात सोडायच्या आणि मधोमध किंचित कणी राहिली की लगेच चाळणीत ओतून गार पाणी घालायचं. निथळू द्यायच्या, चमचाभर तेल चोळून पसरून ठेवायच्या. पुढची कृती वर सांगितलेलीच. भाजल्यामुळे तारेला जो खमंगपणा येतो तो पाकिटातल्या नूडल्सना नाही, आणि खिम्याचे कण तिच्या खरखरीत अंगाला अधिक चिकटून बसतात.

अकबराच्या मुदपाकखान्यापासून टांगऱ्याच्या भट्टीपर्यंत या पदार्थाने पुष्कळ घरं पाहिली आणि प्रत्येक घराने त्यात आपलं काही घातलं. भीमा-नीरेच्या मुलखाने त्यात घालावं असं सर्वांत चांगलं जे आहे, ते आपल्या पाटावरचं आहे. येत्या उन्हाळ्यात एखाद्या बचत गटाकडून दोन किलो पाटावरच्या शेवया आधीच सांगून ठेवा आणि पैसे आगाऊ द्या. मागणी असेल तरच पाट माळ्यावरून खाली येईल आणि तरच पुढच्या पिढीत कुणीतरी तो चालवायला शिकेल.